एका इंग्रज आडनांवाचा प्रवास : फादर थॉमस स्टीफन्स

इसवी सन १६१६ सालीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत, राचोल येथें, येशूसंघाच्या छापखान्यांतून एक विस्तीर्ण ओवीबद्ध मराठी ग्रंथ बाहेर पडला. तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण होय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या ग्रंथकारांस गोव्यांतील लोक पाद्री तोमास एस्तेव्हांव म्हणत, ते मात्र त्या नांवानें जन्मास आले नव्हते. त्यांचें घराणें इंग्रज, गांव विल्टशर परगण्यांतील, आणि पित्याकडून मिळालेलें आडनांव स्टीफन्स. त्यांचें चरित्र पुष्कळांनीं लिहिलें आहे, व त्यांच्या काव्याची थोरवी गाणारेही थोडे नाहींत. आम्हीं या स्मरणिकेंत तें चरित्र त्यांच्या आडनांवाच्या वाटेनें सांगण्याचें योजिलें आहे. हें आडनांव ज्या ज्या बंदरास लागलें त्या त्या बंदरीं त्याचें रूप पालटलें. आणि त्यामुळें हा पुरुष कोण, कोठला, कोणाचा पुत्र, हें ठरवितांना पुढील विद्वानांस मोठे सायास पडले.

प्रथम आडनांवाविषयीं. स्टीफन हें नांव मूळचें ग्रीक असून त्याचा अर्थ मुकुट अथवा विजयमाला असा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत ज्यांच्या मरणाचा वृत्तांत आहे ते आद्य रक्तसाक्षी संत स्तेफन हेच या नांवाच्या प्रसाराचें मूळ. नाताळाच्या दुसऱ्याच दिवशीं, २६ डिसेंबरास, पवित्र सभा त्यांचा सण पाळते. इंग्लंडांत हें नांव १०६६ पूर्वीं क्वचितच आढळे. त्या वर्षीं नॉर्मन लोकांनीं तो देश जिंकला, आणि त्यांच्याबरोबर हें नांव फ्रान्सांतून समुद्र ओलांडून आलें. पुढें ११३५ पासून ११५४ पर्यंत स्टीफन नांवाचा राजाच इंग्लंडच्या गादीवर होता, तेव्हां प्रजेंतही हें नांव वाढलें यांत नवल नाहीं. त्यानंतरच्या अडीचशें वर्षांत तेथें आडनांवें स्थिर होत गेलीं. उत्तरेकडे बापाच्या नांवापुढें 'सन' म्हणजे पुत्र हा शब्द जोडण्याची चाल पडली. दक्षिणेस, पश्चिमेस व वेल्स प्रांतांत नुसता षष्ठीचा 'स' पुरेसा वाटला. म्हणून तिकडे स्टीफन्सन, इकडे स्टीफन्स; अर्थ एकच, स्टीफनचा मुलगा. लिहितांना कोणी मध्यें 'फ' घाली, कोणी 'व' घाली, परंतु तोंडानें सारेच स्टीव्हन्स म्हणत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. या सर्व स्टीफन्स मंडळींचा मूळपुरुष एक नव्हे. ज्या ज्या खेड्यांत एखादा स्टीफन नांवाचा कुणबी किंवा सुतार होता, त्या त्या खेड्यांत हें आडनांव स्वतंत्रपणें उगवलें. आपणांकडे गांवोगांवीं पाटील आहेत म्हणून सर्व पाटील एका रक्ताचे होत नाहींत, तसाच हा प्रकार समजावा.

आणि ही चाल आपणांस परकी आहे असें कोणी समजूं नये. बाप्तिस्म्याच्या वह्या चाळतांना जीं आडनांवें आमच्या दृष्टीस रोज पडतात, त्यांतील कितीतरी याच सांच्यांतील आहेत. रोद्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज, फेर्नांदोचा तो फर्नांडिस, लोपोचा तो लोपीस, गोंसालोचा तो घोन्साल्विस. हे रोद्रिगो आणि लोपो आपले कोणी पूर्वज नव्हेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव आपल्या वाडवडिलांस मिळालें आणि तेंच पुढें घरास चिकटलें. पोर्तुगीज भाषेंत एस्तेव्हांवच्या मुलासही असेंच एक आडनांव आहे, तें एस्तेवेस. इंग्रजी स्टीफन्सचा तो सख्खा भाऊच होय. असें असूनही गोव्यांत आलेल्या इंग्रज पाद्रीबोवांस कोणीं एस्तेवेस केलें नाहीं, एस्तेव्हांव केलें. म्हणजे शेवटचा 'स' गळाला, आणि पुत्राच्या जागीं खुद्द संताचें नांव आलें.

आतां मूळ गांवाकडे वळूं. विल्टशरमध्यें क्लिफ पायपर्ड नांवाच्या धर्मग्रामांत बुशटन हें एक लहानसें खेडें आहे. बुशटन म्हणजे बिशपाचें गांव. लोकांच्या तोंडीं घासून घासून बिशपचें बुश झालें. या गांवीं १५४९ च्या सुमारास थॉमस यांचा जन्म झाला. पित्याचें नांवही थॉमसच. ते लंडनमध्यें व्यापार करीत. ज्या वर्षीं हें मूल जन्मलें त्याच वर्षीं इंग्लंडच्या देवळांतून लॅटिन मिस्सा कायद्यानें बंद करण्यांत आली. पुढें १५५३ मध्यें मेरी राणी गादीवर येतांच ती परत आली, आणि एलिझाबेथ राणीच्या अमदानींत १५५९ च्या कायद्यानें पुन्हां गेली. नव्या उपासनेस हजर न राहणाऱ्यास दर वेळीं एक शिलिंग दंड बसूं लागला. १५८१ मध्यें तो महिन्यास वीस पौंडांवर नेण्यांत आला. गरिबाच्या घरीं एक शिलिंग म्हणजे कांहीं थोडकी रक्कम नव्हे. अशा वेळीं जुन्या श्रद्धेस धरून राहिलेल्या घरांतील मुलगे एकेक करून समुद्रापार जाऊं लागले. स्टीफन्स यांच्या घरींही तसेंच झालें. रिचर्ड हे बंधू पॅरिसला गेले व तेथें ईशज्ञानाचे पंडित झाले. थॉमस यांची वाट त्याहून लांबची होती.

त्या वाटेवर त्यांस एक विलक्षण सोबती भेटला. थॉमस पाउंड हे हॅम्पशरांतील एक श्रीमंत सरदार. एलिझाबेथ राणीच्या दरबारांत त्यांचा मोठा मान. नाताळाच्या एका समारंभांत राणीसमोर नृत्य करतांना ते पाय घसरून पडले, आणि राणीनें त्यांस लाथ मारून सर्वांदेखत बैल म्हणून हिणविलें, अशी हकीकत आहे. त्या दिवसापासून पाउंड यांनीं दरबार सोडला तो कायमचाच. पुढें त्यांनीं गुप्तपणें फिरून कॅथलिक कुटुंबांस धीर देण्याचें काम आरंभिलें, आणि स्टीफन्स त्यांचे सोबती होऊन, नोकराच्या वेषानें, सुमारें दोन वर्षें त्यांच्याबरोबर हिंडले. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असें ठरलें होतें. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटे गेले. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथील सांत आंद्रेया या नवशिष्यगृहांत त्यांचा प्रवेश झाला. इकडे पाउंड यांचीं जवळजवळ तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स त्यांस विसरले नाहींत. १५७८ मध्यें त्यांनीं येशूसंघाचे मुख्याधिकारी मर्क्युरियन यांजकडे अर्ज करून, बंदिवासांत असलेल्या मित्रास तुरुंगांतच संघांत सामील करून घेण्याची परवानगी मिळविली. आमच्या मतें फादर स्टीफन्स यांच्या चरित्रांत या अर्जाचें मोल फार आहे. ज्या मित्राच्या जोडीनें निघावयाचें होतें तो अंधारकोठडींत आणि आपण रोमच्या उन्हांत, ही टोंचणी त्यांच्या मनास लागली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

रोममध्यें शिक्षण लॅटिन भाषेंत चाले, आणि लॅटिन कागदांवर स्टीफन्सचें स्तेफानुस झालें. हा पहिला बदल. त्या काळीं युरोपांतील विद्वानांचीं आडनांवें अशींच लॅटिनचा पोशाख घालून हिंडत. पॅरिसचे मुद्रक रोबेर एतिएन यांचें आडनांवही फ्रेंच रूपांतील स्टीफनच होय. इंग्रज लोक त्यांस रॉबर्ट स्टीफन्स म्हणत. याच मुद्रकांनीं १५५१ मध्यें नव्या करारास वचनांचे आंकडे घातले, व आज आपण शास्त्रवचन शोधतांना तेच आंकडे वापरतों.

हिंदुस्थानांतील धर्मकार्य तेव्हां पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालीं असल्यामुळें गोव्यास जावयाचें तर लिस्बनहूनच गलबत धरावें लागे. ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांचा ताफा निघाला व त्याबरोबर स्टीफन्सही निघाले. २४ ऑक्टोबरास ते गोव्यास पोंचले. या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १० नोव्हेंबरास पित्यास पत्रानें कळविलें, तें आजही वाचावयास मिळतें. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडून गलबतें कशीं खोळंबलीं, उत्तमाशा अंतरीपाजवळ किनारा किती निकट आला, समुद्रावर कोणते पक्षी व कोणते मासे दिसले, पूर्वपश्चिम अंतर मोजण्यास खलाशांजवळ खात्रीचें साधन कसें नाहीं, हें सारें त्यांत आहे. मादागास्कर बेटाच्या बाहेरून जाण्याची वेळ आल्यामुळें जहाजांत रोग पसरला. हिरड्या सुजून त्या कापाव्या लागत, पाय सुजत, हातपाय हलेनासे होत. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस मेलीं. आणि हा आंकडा तेथील लोकांस थोडाच वाटला. ताज्या भाजीपाल्याच्या व फळांच्या अभावीं होणारा हा रोग होता, हें आज आपणांस ठाऊक आहे. गोव्यास उतरल्यावर त्यांनीं वडिलांस माडाच्या व नारळाच्या पेयाविषयीं लिहिलें. आपल्या अंगणांतील नारळ लंडनच्या व्यापाऱ्यास समजावून सांगावयाचा, हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे.

हें पत्र रिचर्ड हॅक्लूट या इंग्रज प्रॉटेस्टंट धर्मगुरूनें आपल्या प्रवासवृत्तांच्या मोठ्या संग्रहांत छापिलें. त्यांत पितापुत्रांचें आडनांव 'व' अक्षरानें, स्टीव्हन्स, असें आहे. अशा रीतीनें एकाच पिढींत हें घर तीन ठिकाणीं पांगलें. पिता लंडनांत, एक मुलगा पॅरिसांत, एक गोव्यांत.

गोव्यांत त्यांस लौकरच धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि तेथून पुढें मरेपर्यंत, चाळीस वर्षें, ते या देशाबाहेर गेले नाहींत. १५८० मध्यें पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली व थोड्याच वर्षांत स्पेन आणि इंग्लंड यांचें युद्ध जुंपलें. तेव्हां गोव्यांत इंग्रज म्हणजे शत्रूचा माणूस. पाद्री एस्तेव्हांव या नांवानें त्या दिवसांत त्यांस आडोसा मिळाला असावा, असें आम्हांस वाटतें. तरी आपलें इंग्रजपण त्यांनीं लपविलें नाहीं. १५८३ च्या अखेरीस न्यूबरी, फिच, लीड्स आणि स्टोरी हे चार इंग्रज होर्मूझ येथें हेरगिरीच्या आरोपावरून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आले. त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं फादर स्टीफन्स यांनीं मोठी खटपट केली. ते प्रॉटेस्टंट, हे येशूसंघीय. ते ज्या राणीचे प्रजाजन, तिच्याच अंमलाखालीं यांचा मित्र पाउंड अजून तुरुंगांत पडलेला. आणि १५८१ मध्यें यांचे संघबंधू एडमंड कॅम्पियन यांस लंडनमध्यें फांशीं देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यांत आले होते. तरीही त्यांनीं हें केलें. पुढें त्यांतील फिच व न्यूबरी हे गोव्यांतून निसटले. फिच १५९१ मध्यें लंडनला परतला आणि १६०० मध्यें निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीस त्याच्या माहितीचा उपयोग झाला.

त्याच १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं फादर रोदोल्फो आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले. त्यांचे देह मिळवून आणण्याच्या कामावर फादर स्टीफन्स गेले होते. त्यापूर्वीं तेथील देवळें पोर्तुगीजांनीं पाडलीं होतीं, व पुढें गांवच्या पुढाऱ्यांस बोलावून घेऊन त्यांचाही घात करण्यांत आला, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या साष्टींत हें घडलें त्याच साष्टींत फादर स्टीफन्स यांचें बहुतेक सर्व आयुष्य गेलें. तलवारीच्या पाठीमागून आलेली श्रद्धा लोकांच्या अंतःकरणांत कशी उतरावी, हा प्रश्न त्यांच्यापुढें पुस्तकी नव्हता.

त्यांनीं उत्तर शोधलें तें भाषेंत. १५८३ च्या ऑक्टोबरांत बंधु रिचर्ड यांस पाठविलेल्या लॅटिन पत्रांत, येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हें त्यांनीं नमूद केलें. विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास हाच विचार मांडला तो १७८६ मध्यें. कोंकणी त्यांनीं बोलून आत्मसात केली, मराठी पुराणें वाचून. कोंकणी भाषेंत त्यांनीं ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी लिहिली, ती १६२२ मध्यें छापली गेली. आणि त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबेरो यांनीं भर घालून १६४० मध्यें राचोल येथें छापविलें. कोंकणीचें छापलेलें पहिलें व्याकरण तेंच होय.

ख्रिस्तपुराणाच्या जन्माचें कारण त्यांनीं ग्रंथांतच सांगितलें आहे. नवख्रिस्ती लोकांपैकीं एका ब्राह्मणानें त्यांस विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही काढून घेतलीं, त्यांच्या जागीं आम्हीं आतां काय वाचावें? प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूची. तो देशी लिपींत छापला जावा अशी त्यांची उत्कट इच्छा होती. १६०८ मध्यें त्यांनीं रोमला मुख्याधिकाऱ्यांस लिहिलें कीं, युरोपांत चोवीस अक्षरांत काम भागतें, परंतु येथील जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें ठसे ओतावे लागतील, हीच मोठी अडचण आहे. ठसे झाले नाहींत. मराठी ग्रंथ रोमन लिपींत निघाला. भाषा एका देशाची, लिपी दुसऱ्या देशाची, आणि कर्ता तिसऱ्याच देशाचा. आपलीं आडनांवें पोर्तुगीज व जीभ मराठी. त्यांचें नांव पोर्तुगीज, रक्त इंग्रज, व लेखणी मराठी. आमच्या वाचकांस हा पुरुष परका वाटत नाहीं, त्याचें एक कारण हेंही असावें.

१६१९ मध्यें गोव्यांतच फादर स्टीफन्स यांस देवाज्ञा झाली. त्यांच्यामागें आडनांव चालविणारें अपत्य असण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रंथ मात्र चालला. १६४९ व १६५४ मध्यें तो पुन्हां छापला गेला. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढलें, आणि सुमारें सव्वादोनशें वर्षें तो हातानें नकलून घेतलेल्या पोथ्यांवर जगला. १९०७ मध्यें मंगळूर येथें जे. एल. सल्दान्हा यांनीं तो पुन्हां छापिला, व १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ति काढली. ग्रंथकर्त्याची जी इच्छा १६०८ मध्यें होती, ती अशी पुरी झाली.

या मधल्या काळांत त्यांच्या नांवाचे हाल झाले ते निराळेच. जन्मगांवाचें नांव कोणीतरी आडनांव म्हणून धरलें, आणि युरोपांतील सूचींत ते बुस्टन, बुस्टेन, बब्स्टन अशा नांवांनीं वावरूं लागले. म्हणजे खेडें आडनांव झालें, व खरें आडनांव नुसतें मधलें नांव होऊन बसलें. १९०८ च्या इंग्रजी कॅथलिक विश्वकोशांतही त्यांचा लेख बस्टन या नांवाखालींच आहे. विल्टशरांतील बुशटन आणि हें बुस्टन एकच, हें जेव्हां ध्यानांत आलें तेव्हां लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा, हॅक्लूटचा स्टीव्हन्स आणि राचोलचा एस्तेव्हांव हे एका जागीं आले. चुकीच्या नांवानेंच शेवटीं खऱ्या गांवाची वाट दाखविली, ही मौज होय.

हें आडनांव पोर्तुगालांत दुसऱ्यांदाही गेलें. अठराव्या शतकांत इंग्लंडच्या पश्चिम टोंकाकडील एका अगदीं निराळ्या स्टीफन्स कुळांतील विल्यम स्टीफन्स यांनीं मारिन्या ग्रांदे येथें १७६९ मध्यें कांचेचा कारखाना पुन्हां उभा केला. पोर्तुगीजांनीं त्यांच्या विल्यमचें गिल्येर्मे केलें, पण स्टीफन्सला हात लाविला नाहीं. श्रीमंतास हा मान मिळतो, भिक्षुकास मिळत नाहीं. त्या कांचेवर मिळविलेली दौलत पुढें लाइन-स्टीफन्स या इंग्लंडांतील नातलगांकडे गेली, आणि त्या घरच्या विधवेनें तिच्यांतून केंब्रिज येथें एक भव्य कॅथलिक देऊळ बांधविलें. १८९० मध्यें उघडलेलें तें देऊळ पवित्र मरियेस व इंग्रज रक्तसाक्ष्यांस समर्पित आहे.

गोव्यांत पर्वरी येथें येशूसंघाची कोंकणी भाषेच्या अभ्यासाची एक संस्था आहे. तिच्या नांवांत एस्तेव्हांव नाहीं, बुस्टनही नाहीं. थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र असें तिचें नांव आहे.